न दिसलेले पीक : सुरतेतील एका पेरणीची गोष्ट



गावाकडून पाहुणे आले, की आपण त्यांना तापीकाठचा किल्ला दाखवतो आणि वेळ असेल तर कतारगाम दरवाजाकडची जुनी इंग्रज व डच कबरस्तानेही दाखवतो. ऑक्सेंडन बंधूंची कबर लांबून एखाद्या महालासारखी दिसते. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरतेवर स्वारी केली, तेव्हा येथील इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्सेंडन होता. डच कबरस्तानात १६९१ मध्ये वारलेल्या हेंड्रिक व्हान रेडे याची तशीच भव्य कबर आहे. या माणसांनी आपल्यामागे डोळ्यांत भरेल असे काही ठेवले. आज मात्र आपण अशा दोघांची आठवण करणार आहोत, ज्यांना पाहायला कोणी पाहुणा येत नाही.

१८१३ मध्ये कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण झाले आणि मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी झाली. १८१५ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर आणि विल्यम फायवी सुरतेत येऊन राहिले. तोपर्यंत सुरतेचे जुने वैभव ओसरले होते. व्यापार मुंबईकडे गेला होता. यश लवकर दिसावे अशी ही जागा नव्हती.

या दोघांनी प्रथम गुजराती भाषा शिकायला घेतली. शाळा चालवल्या, छापखाना उभा केला आणि पवित्र शास्त्राचे भाषांतर करून ते छापायला सुरुवात केली. स्किनर १८२१ मध्ये वारले. नवा करार आणि त्यापाठोपाठ जुना करार गुजरातीत छापून झाला तो १८२३ च्या सुमारास. म्हणजे ज्या कामासाठी आयुष्य वेचले, ते पूर्ण झालेले स्किनर यांनी पाहिले नाही. फायवी पुढे कित्येक वर्षे काम करत राहिले. त्यांचे भाऊ अलेक्झांडर हेही सुरतेत येऊन त्यांना मिळाले. पण बाप्तिस्मा घेणारे बोटांवर मोजण्याइतकेच होते. तीस वर्षांच्या श्रमानंतर, १८४६-४७ च्या सुमारास, हे काम आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनच्या हाती सोपवण्यात आले.

मराठी मंडळीची सुरुवातही काही वेगळी नव्हती. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत आले. १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने त्यांचे निधन झाले. मराठी नवा करार मुंबईत छापून पूर्ण झाला तो त्याच वर्षी. त्यांनीही नांगरट केली. कापणी इतरांनी केली.

आता आपण स्वतःला विचारू या. या माणसांचा विश्वास फळाला आला की नाही?

पुष्कळांचे उत्तर असे असेल, की हो, पुढे फळ आलेच. ते खरेही आहे. नंतरच्या पिढ्यांत गुजरातच्या गावागावांत मंडळ्या उभ्या राहिल्या. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनांनी अनाथ लेकरांना आसरा दिला. आपल्या पंडिता रमाबाईंनीही गुजरातमधून शेकडो मुलींना केडगावच्या मुक्ती सदनात नेले. सुरतेत सुरू झालेले भाषांतर पुढच्यांनी तपासले, सुधारले आणि ते घराघरांत पोहोचले.

पण आम्हांला वाटते, एवढ्यावर थांबलो तर विश्वासाचा अर्थ अर्धाच राहील. शेवटी फळ आले म्हणून विश्वास खरा ठरला, असे म्हटले तर तो फक्त लांब मुदतीचा व्यवहार होईल. इब्रीकरांस लिहिलेल्या पत्राचा अकरावा अध्याय काढून पाहा. तेथे ज्यांची नावे आहेत, त्यांतील कितीतरी जण वचनाची पूर्तता दुरूनच पाहून मेले. अब्राहामाला सारा देश देण्याचे वचन होते. प्रत्यक्षात त्याने चारशे शेकेल रुपे मोजून विकत घेतले ते मकपेलाचे शेत, आणि तेही पत्नीला पुरण्यासाठी. तरी पवित्र शास्त्र त्याला विश्वासणाऱ्यांचा पिता म्हणते. कारण त्याने फळावर नव्हे, तर बोलावणाऱ्यावर भरवसा ठेवला.

आणि विश्वास म्हणजे हात बांधून बसणेही नव्हे. स्किनर आणि फायवी शब्द न् शब्द तपासत बसले, खिळे जुळवत राहिले. उद्याचे देवावर सोपवले, म्हणून आजचे काम त्यांनी ढिले केले नाही. विश्वासाने जगणे ते हेच.

हे आज आठवायचे कारण आपल्या वस्त्यांत आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा येथे आपली माणसे खानदेशातून पोटासाठी आली. रात्रपाळी संपवून सकाळी उपासनेला येणारा भाऊ झोपेने पेंगत असतो. मुले शाळेत गुजराती, गल्लीत हिंदी बोलतात. धर्मशिक्षणाच्या वर्गाला कधी चारच मुले येतात. आईबाप विचारतात, एवढ्याशा वर्गाचा उपयोग काय? घरी मराठीत प्रार्थना घेतली तर मुलांच्या ध्यानात किती राहणार? आजारपणासाठी वर्षभर प्रार्थना करूनही आराम न पडलेली बहीण तर याहून कठीण प्रश्न विचारते.

अशांना आम्ही खोटा दिलासा देणार नाही. सगळे आपल्या डोळ्यांदेखत ठीक होईल, असे वचन प्रभूने दिलेले नाही. सोबत राहण्याचे मात्र दिले आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल सांगतो, की आपली वाट दिसणाऱ्या गोष्टींवर ठरत नाही, विश्वासावर ठरते. म्हणून चार मुले आली तरी चौघांचा वर्ग नीट तयारी करून घ्यावा. निजण्यापूर्वी घरात पाच मिनिटे शास्त्र वाचावे. आजारी बहिणीच्या घरी उत्तर घेऊन नव्हे, तर डबा घेऊन जावे आणि तिच्याजवळ बसावे. पेरणी आपली आहे. वाढ देणारा देव आहे, आणि त्याच्या घड्याळाची घाई आपण करू नये.

हे प्रभू, जे आम्हांला दिसत नाही ते तुझ्या हाती सुखरूप आहे, हा भरवसा आम्हांला दे. आजच्या दिवसाचे काम प्रामाणिकपणे करण्याचे बळ दे. आमेन.