'फिल्म न्वार' : एका संज्ञेचा पूर्वेतिहास

'फिल्म न्वार' या नावाने आज जे अमेरिकन चित्रपट ओळखले जातात, त्यांच्या कर्त्यांना हे नाव ठाऊक नव्हते. बिली वाइल्डरचा 'डबल इन्डेम्निटी' १९४४ साली प्रदर्शित झाला, तेव्हा हॉलिवुडच्या व्यवहारात अशा कथांना 'मेलोड्रामा' किंवा सरळ गुन्हेकथा म्हणत. नाव आले ते मागाहून, आणि तेही फ्रेंच भाषेतून. १९४६ साली पॅरिसमध्ये नीनो फ्रांक या समीक्षकाने ही संज्ञा निर्माण केली, असे विधान अनेक ग्रंथांतून आढळते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते स्वीकारण्याजोगे नाही. आणि का नाही, हे एका लहानशा अव्ययाकडे लक्ष दिल्यास कळून येते.

१९४० ते १९४४ या जर्मन अंमलाच्या काळात फ्रेंच प्रेक्षकांना नवे अमेरिकन चित्रपट पाहावयास मिळाले नव्हते. १९४६ च्या उन्हाळ्यात ते एकदम पॅरिसमध्ये दाखल झाले. 'द माल्टीज फाल्कन' (१९४१), 'लॉरा' (१९४४), 'मर्डर, माय स्वीट' (१९४४) आणि 'डबल इन्डेम्निटी' हे चित्रपट अमेरिकन प्रेक्षकाने तीन-चार वर्षांच्या अवधीत, इतर शेकडो चित्रपटांच्या गर्दीत पाहिले होते. पॅरिसकरांनी ते काही आठवड्यांत लागोपाठ पाहिले. त्यांच्यातील साम्य परक्या डोळ्यांना प्रथम दिसले याचे हे एक साधे कारण आहे. फ्रांकने २८ ऑगस्ट १९४६ च्या 'लेक्रां फ्रांसे' या साप्ताहिकात याच चार चित्रपटांविषयी लिहिले. गुन्हा कोणी केला या कोड्यापेक्षा माणसे कशी वागतात यालाच येथे महत्त्व आले आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. मात्र 'न्वार' हे विशेषण त्याने अवतरणचिन्हांत घातले आहे. नवा शब्द घडविणारा मनुष्यही अशी चिन्हे वापरतो, हे खरे. परंतु दुसऱ्याचा शब्द उसना घेणाराही तीच वापरतो. तेव्हा केवळ एवढ्यावरून निर्णय करता येत नाही.

निर्णायक पुरावा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधला आहे. 'ला रव्ह्यू द्यू सिनेमा' या मासिकात झां-पिएर शार्तिए याने लिहिलेल्या लेखाच्या मथळ्याचा अर्थ होतो : अमेरिकन लोकही 'फिल्म न्वार' काढतात. या मथळ्यातील फ्रेंच 'ओसी', म्हणजे आपले 'ही' किंवा 'देखील', हे अव्यय काही गृहीत धरल्यावाचून वापरता येत नाही. 'गोविंदाही आला' असे म्हटले की आणखी कोणीतरी आलेला असतोच. अमेरिकनही काढतात, तर मग आणखी कोण काढीत होते? उत्तर शार्तिएच्या वाचकाला सांगावे लागत नव्हते. फ्रेंचच काढीत होते. मार्सेल कार्नेचा 'ल के दे ब्र्यूम' (१९३८), म्हणजे 'धुक्याचा धक्का', हे त्यातील ठळक उदाहरण होय. सैन्यातून पळालेला नायक, बंदरावरची रात्र, क्षणभराचे प्रेम आणि मृत्यू असे त्याचे कथानक आहे. अशा चित्रपटांना १९३८-३९ मध्येच फ्रेंच वृत्तपत्रे, विशेषतः उजव्या मतांची, 'फिल्म न्वार' म्हणत असत. आणि ते कौतुकाने नव्हे. असे चित्रपट राष्ट्राचे मनोधैर्य खचवितात, असा त्यांचा आक्षेप होता. युद्धकाळात कार्नेच्या या चित्रपटावर बंदीही आली. शार्तिएचा सूरदेखील नापसंतीचाच आहे : फ्रेंच चित्रपटांत प्रेमाचा निदान आभास तरी होता, अमेरिकनांत तोही नाही, असे त्याला वाटले.

म्हणजे जी संज्ञा आज चित्रपटरसिक गौरवाने उच्चारतात, तिचा जन्म निंदेत झाला. 'न्वार' या विशेषणाला फ्रेंचमध्ये जो अर्थविस्तार आहे, त्यामुळे हे परिवर्तन सुलभ झाले असावे. इंग्रजी भयकादंबऱ्यांना फ्रेंच वाङ्मयात पूर्वीपासून 'रोमां न्वार' म्हणत. गालिमार या प्रकाशनसंस्थेने १९४५ मध्ये मार्सेल द्यूआमेलच्या संपादनाखाली 'सेरी न्वार' ही गुन्हेकथांची माला सुरू केली. तिचे नाव झाक प्रेव्हेरने सुचविले, आणि 'ल के दे ब्र्यूम'ची पटकथा याच प्रेव्हेरची. (मालेचे पहिले लेखक चेनी आणि चेस हे अमेरिकन नव्हते, अमेरिकन धाटणीत लिहिणारे इंग्रज होते.) मराठीत 'काळा' हा शब्द प्राधान्याने दुष्कृत्य व कलंक दाखवितो : काळा बाजार, तोंड काळे करणे. निराशेला आपण 'अंधार' म्हणतो. 'काळा चित्रपट' असे भाषांतर केल्यास तो चित्रपट चोरून दाखविला जात असावा असे वाटेल. म्हणून मूळ शब्दच ठेवणे बरे.

१९५५ साली रेमों बोर्द आणि एतिएन शोमतों यांनी या अमेरिकन चित्रपटांवर पहिला ग्रंथ लिहिला. त्यानंतर तीनच वर्षांनी ऑर्सन वेल्सचा 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) आला आणि मूळ परंपरा तेथे संपली असे सामान्यतः मानतात. अमेरिकेत हे नाव खऱ्या अर्थाने रुळले ते पुढे. पॉल श्रेडरचा १९७२ चा निबंध त्यातील महत्त्वाचा टप्पा. याच श्रेडरने पुढे 'टॅक्सी ड्रायव्हर' (१९७६) लिहिला. येथून पुढचे चित्रपट नाव ठाऊक असलेल्यांचे आहेत, आणि हा फरक पडद्यावर दिसतो. 'आउट ऑफ द पास्ट' (१९४७) मधील सावल्या तेव्हाच्या कथनाची गरज म्हणून आल्या. 'बॉडी हीट' (१९८१) मध्ये मात्र पूर्वजांचे स्मरण जागोजागी जाणवते, आणि ते मला थोडे जाचते. 'चायनाटाउन' (१९७४) मला अधिक आवडतो तो याच कारणासाठी. नाव ठाऊक असूनही त्याने काळोखाची नक्कल केली नाही. लॉस एंजेलिसच्या रखरखीत उन्हात, रंगांत, पाण्याच्या चोरीची कथा सांगितली.

हिंदी चित्रपटांच्या बाबतीत हीच प्रक्रिया सध्या चालू आहे. गुरुदत्तचा 'बाजी' (१९५१) आणि राज खोसलाचा 'सी. आय. डी.' (१९५६) यांना आज काही अभ्यासक 'बॉम्बे न्वार' म्हणतात. त्या काळच्या जाहिरातींत, परीक्षणांत आणि प्रेक्षकांच्या बोलण्यात या चित्रपटांना कोणती नावे होती, याचा शोध जुन्या मराठी नियतकालिकांच्या संचिकांतून घेण्याजोगा आहे.