पहिली पसंती, दुसरी पसंती

१९६९ साली आम्ही डोंबिवलीत शाळेत होतो. राष्ट्रपतिपदाला गिरी, रेड्डी आणि आपले चिंतामणराव देशमुख उभे होते. मत आमदार-खासदारांनाच, पण कल्याण लोकलच्या डब्यात उमेदवार तोलत होते सगळेच.

आमचे वडील कुठल्याच पक्षाचे नव्हते. देशमुखांनी १९५६ साली मुंबईसाठी अर्थमंत्रिपद सोडलं, हे ते विसरले नव्हते. पण पाठीशी जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष! माणूस पाहायचा की त्याच्यामागे उभे असलेले? पेच खरा होता.

या निवडणुकीत पक्षाला व्हीप काढता येत नाही, मतदान गुप्त. इंदिराबाईंनी सदसद्विवेकाने मत द्यायला सांगितलं. (रेड्डींच्या अर्जावर सूचक म्हणून सही त्यांचीच, बरं का!)

पहिल्या पसंतीत कुणालाच बहुमत नाही. देशमुखांना १,१२,७६९. ते बाद झाल्यावर त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती मोजली. बहुतेक रेड्डींकडे गेली, थोडी गिरींकडे. आणि ती थोडीच पुरली. गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७.

आम्ही वडिलांना विचारलं, तुमची दुसरी पसंती कुणाला? ते म्हणाले, अजून ठरत नाही.