मुलुंडच्या मिठागरातला जंतू

मुलुंडचं नाव काढलं की कुणाला चेकनाका आठवतो, कुणाला फरसाणची दुकानं. मी याच गावात आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझं मत थोडं पक्षपाती असेल. पण जगाच्या शोधनिबंधांत मुलुंडचं नाव आहे ते पूर्वेकडच्या खारट चिखलामुळे.

ठाण्याच्या खाडीलगत मुलुंड, भांडुप, कांजूर अशी मिठागरांची रांगच होती. दिवाळीच्या सुमारास भरतीचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, उथळ वाफ्यांतून पुढे पुढे सरकवत उन्हात आटवायचं, आणि पाऊस यायच्या आत मीठ ओढून राशी घालायच्या. आता हीच जागा जंतूच्या बाजूने बघा. एप्रिलमध्ये अंगातलं पाणी शोषून घेणारा खार, जुलैत पावसाचं गोडं पाणी. इथे टिकायचं तर चिवटपणा हवा. बॅसिलस जातीच्या जिवाणूंकडे तो असतो: दिवस वाईट आले की ते जाड कवचाचा बीजाणू करून पडून राहतात.

रेल्वेच्या पश्चिमेला, आग्रा रोडवर (त्याला लाल बहादूर शास्त्री मार्ग फक्त पत्त्यात म्हणतात), हेक्स्ट या जर्मन औषध कंपनीचं संशोधन केंद्र 1972 साली सुरू झालं. आमच्या गुजराती शेजारणी जिचं लोणचं घालतात त्या गरमरच्या मुळातलं फोर्स्कोलिन याच केंद्राने अभ्यासून प्रसिद्धीला आणलं. दुसरीकडे तिथले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ठिकठिकाणची माती तपासत होते.

ही तपासणी दिसायला अगदी साधी. ग्रॅमभर माती निर्जंतुक पाण्यात ढवळायची, त्यातला एक मिलिलिटर घेऊन दहापट पातळ करायचा, तो पुन्हा दहापट, असं पाच-सहा वेळा. नाहीतर चिमूटभर मातीतले कोट्यवधी जीव एकमेकांत मिसळून नुसता लगदा दिसतो. शेवटचा थेंब पेट्री डिशमधल्या अगरवर पसरून उबवणीपेटीत ठेवला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुटे ठिपके उगवतात. त्यातला एकेक ठिपका उचलून रोगजंतूच्या पातळ थरावर ठेवायचा. ठिपक्याभोवतीचा थर विरून स्वच्छ कडं दिसलं, तर तो काहीतरी मारक पदार्थ सोडतोय. माझ्या वर्गातल्या पोरी ते कडं पहिल्यांदा बघताना किंचाळायच्या. जंतू म्हणजे रोग, एवढंच घोकून आलेल्या त्या. जंतूच जंतूला मारतो हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही.

मुलुंडच्या मिठागरातल्या मातीतून असाच एक बॅसिलस निघाला. त्याला नाव नव्हतं, एचआयएल वाय-85,54728 असा क्रमांक होता. त्याने तयार केलेल्या पदार्थाचं नाव मर्सासिडिन. 1992 साली या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी त्यावरचे निबंध छापले. पेनिसिलिनच्याच कुळातल्या मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस 1961 साली ब्रिटनमध्ये सापडला आणि पुढे जगभरच्या रुग्णालयांची डोकेदुखी झाला. मर्सासिडिन त्यालाही मारतं. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधणाऱ्या गवंड्याचे हात बांधतं. हा हट्टी जंतू दुसराच गवंडी आणून काम चालू ठेवतो. मर्सासिडिन गवंड्याच्या वाटेला जात नाही, ते लिपिड-2 नावाची वीटच धरून ठेवतं. हे पुढे जर्मनीत बॉन विद्यापीठात उलगडलं. सगळा रेणू अवघ्या वीस अमिनो आम्लांचा.

औषध म्हणून ते दुकानात आलं नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत गुण दिसला, पण प्रयोगशाळेतून गोळीपर्यंतचा रस्ता लांब आणि खर्चाचा, आणि चार दिवसांत रोगी बरा करणाऱ्या औषधात कंपन्यांना नफा दिसत नाही. हे माझं मत. आजही बदललेलं नाही. 1998 साली ते संशोधन केंद्र निकोलस पिरामल कंपनीने घेतलं. मर्सासिडिनवरचं संशोधन मात्र परदेशात चालूच राहिलं.

आणि मिठागरं? 2024 साली धारावीच्या पुनर्वसनासाठी कांजूर, भांडुप आणि मुलुंडची मिळून सुमारे 256 एकर मिठागरांची जमीन द्यायचं सरकारने ठरवलं. त्यात मुलुंडचं जामास्प मिठागर साडेअठ्ठावन्न एकरांचं. घरांची गरज मी नाकारत नाही. मागणं एवढंच, की भराव पडण्याआधी उपनगरांतल्या कॉलेजांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी परवानगी काढून वाफ्यावाफ्यातली माती गोळा करावी आणि निघतील ते जिवाणू पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात जमा करावेत. निर्जंतुक पिशव्या, बर्फाची पेटी आणि सुट्टीच्या दिवशी यायला तयार असलेली पोरं, इतकंच लागतं.