पंप कुठला घ्यावा?

मागच्या रविवारी पुण्याहून नातवाचा फोन आला. "आज्जी, फिश टँकसाठी पंप कुठला घेऊ? दुकानदार तीन दाखवतोय." जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवलेल्या बाईला हा प्रश्न का, असं तुम्हाला वाटेल. पण शाळेत असताना तीन वर्षं एका फिश टँकची जबाबदारी माझ्याकडे होती, हे त्याला ठाऊक आहे. म्हटलं, "संध्याकाळी सांगते." आणि मग दुपारभर मी इतिहासातच शिरले. सवय जात नाही, काय करणार!

माशाला पंप का लागतो, इथून सुरुवात करू. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो, आणि तो असतो फार थोडा. वीस अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम, तीस अंशांवर जेमतेम साडेसात. म्हणजे ऐन उन्हाळ्यात माशाची भूक वाढते आणि ताटातलं कमी होतं. वाहत्या नदीत पाणी खळाळतं, हवेशी सतत गाठ पडते, म्हणून तिथे भागतं. काचेच्या पेटीतलं पाणी मात्र निपचित पडून असतं.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या हौशी मंडळींपुढे हीच अडचण होती. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने त्यावर एक तोड काढली आणि 1850 साली आपला प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. बारा गॅलनच्या टाकीत दोन लहान गोल्डफिश, पाणवनस्पती, आणि कुजलेली पानं खायला गोगलगायी. वनस्पतीने प्राणवायू द्यायचा, माशाने तो घ्यायचा. पुढे 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाऊस' उघडलं, 1854 साली फिलिप हेन्री गॉस यांचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि घरोघरी काचपेट्यांचं वेडच लागलं. काचेवरचा कर 1845 साली उठला होता, त्यामुळे काचही स्वस्त झाली होती.

मी शिकवला असता तर धडा एवढाच शिकवला असता. तीन नावं, चार सनावळ्या, खाली स्वाध्याय.

पण या सगळ्यांच्या आधीची एक गोष्ट आहे. अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी 1846 साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ गोळा करून लंडनला आणले. समुद्र दूर, रोज ताजं खारं पाणी मिळणार कुठून? म्हणून तेच पाणी पुन्हा ताजं करायचं ठरलं. उघड्या खिडकीपाशी उभं राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी उंचावरून ओतायचं, पुन्हा उलटं ओतायचं, अर्धा-पाऊण तास. हे काम बाईंच्या घरची एक लहान मोलकरीण करायची. काम दमवणारं आहे, हे बाईंनी नंतर लिहिलेल्या टिपणात कबूल केलं आहे, आणि मुलीला त्याची गंमतच वाटायची, असंही नोंदवलं आहे. मुलीचं नाव मात्र दिलेलं नाही. तिला खरंच गंमत वाटायची का, हे तिला कुणी विचारलं असेल का?

म्हणजे बघा, काचपेटीचा पहिला पंप म्हणजे त्या पोरीचे दोन हात!

वाफेच्या इंजिनाने पाणी फिरवायचे दिवस नंतर आले. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधलं मत्स्यालय 1871 साली सुरू झालं. विल्यम आल्फर्ड लॉईड यांनी तिथे दिसणाऱ्या टाक्यांच्या खाली, अंधारात, त्याहून मोठा पाणीसाठा ठेवला होता आणि पंप रात्रंदिवस ते पाणी खेळतं ठेवत. आपल्या मुंबईत 1951 साली सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय मी शाळेच्या सहलीत पाहिलं, तेव्हा भिंतीमागे कुणी काम करत असेल, असा विचारही डोक्यात आला नव्हता.

आता आमच्या शाळेचं सांगते. माजी विद्यार्थ्यांनी 2006 साली फिश टँक भेट दिला. तो स्टाफरूमबाहेर ठेवला आणि "बाई, तुमचे तास कमी आहेत" म्हणून जबाबदारी माझ्यावर आली. मी गेले आणि दुकानातला सगळ्यात मोठा पंप घेऊन आले. मोठा म्हणजे चांगला, हा माझा समज! टाकीत नुसता पूर आला. बिचारे मासे एका कोपऱ्यात अंग चोरून उभे. आठवड्यात बदलून लहान पंप आणला.

आणि मग एप्रिलचं लोडशेडिंग. रोज सहा-सहा तास वीज नाही. पहिल्याच दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडू लागले. मी "अरेरे" म्हणून तासाला निघून गेले. परत आले तर आमचे शिपाईमामा स्टुलावर उभे राहून तांब्याने टाकीतलं पाणी घेऊन हातभर उंचावरून सावकाश पुन्हा टाकीत सोडत होते. "असंच करतो आम्ही गावाकडं, हौदात मासं सोडल्यावर," म्हणाले. दोन उन्हाळे मामांनी हे केलं, सुट्टीतसुद्धा. एक मासा गेला नाही.

मी 2009 साली निवृत्त झाले. निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी फिश टँकचं श्रेय मला दिलं. मी उत्तराच्या भाषणात देणगीदारांचे, सहकाऱ्यांचे, विद्यार्थ्यांचे नावं घेऊन आभार मानले. मामा मागे दाराशी चहाचा ट्रे धरून उभे होते. त्यांचं नाव मला सुचलंच नाही. घरी आल्यावर आठवलं, म्हटलं, भेटू तेव्हा सांगू. तो 'तेव्हा' आलाच नाही. मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. थिनबाईंनी निदान तिचं काम तरी लिहून ठेवलं. मी तेही केलं नव्हतं, म्हणून आज लिहिते आहे.

असो. संध्याकाळी नातवाला सांगितलं ते असं. तुझी टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच, म्हणजे सुमारे 70 लिटर. तासाभरात पाणी चारेक वेळा फिरावं, म्हणजे तीनशे लिटरच्या आसपास. खोक्यावरचा आकडा पाणी वर चढवायचं नसतानाचा असतो. जितकं उंच चढवशील तितकी धार कमी, आणि स्पंज तुंबला की आणखी कमी. म्हणून थोडा मोठा घे, पण धार कमी-जास्त करता येईल असा. स्पंज नळाखाली धुऊ नकोस, टाकीतल्याच पाण्यात पिळ, कारण माशांची घाण पचवणारे जिवाणू त्यातच राहतात. पंप कोरडा चालवू नकोस. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद कर. हवेचा पंप घेतलास तर तो पाण्याच्या पातळीच्या वर ठेव, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं त्यात उतरतं.

"आणि टाकीजवळ एक तांब्या ठेव," म्हटलं.

"तांब्या कशाला, आज्जी?"

मग त्याला मामांची गोष्ट सांगितली. नावासकट.