आधी दोन लावा

गेल्या महिन्यात आमच्या शाखेतल्या इंटरकॉमचं पुन्हा बारसं झालं. जुना डबा जाऊन भिंतीवर नवा डबा बसला आणि सगळ्यांचे दोन आकडी नंबर तीन आकडी झाले. मी २२ होतो, तो २२२ झालो. वीस वर्षांच्या नोकरीत बढती म्हणावी अशी ही एकच घटना! घरी पेढे न्यावेत असं मनात आलं होतं. पण शिपायालाही २३१ मिळाल्याचं कळलं आणि बेत रद्द केला.

डबा बसवायला आलेल्या पोराला मी विचारलं, "भो, नव्या चार जणांना तीन आकडी द्या की! आम्हा जुन्यांना कशाला हलवता?"

"साहेब, तुमचा २२ चालू ठेवला तर २२२ लागेल कसा? दोन वेळा दोन दाबलं की डबा तुमच्याकडे घंटी देऊन मोकळा. तिसऱ्या आकड्यासाठी तो थांबतच नाही."

मी गप्प बसलो. कॉमर्सवाल्याला इतकं तर्कशुद्ध बोलणं ऐकायची सवय नसते.

माणसांना नंबर देण्याचा हा उद्योग मुळात गोवरामुळे सुरू झाला, असं सांगतात. १८७९ साली अमेरिकेत लॉवेल गावी गोवराची साथ आली. तेव्हा फोन नावानिशी मागत. "अमक्यांना जोडा हो," म्हटलं की ऑपरेटर जोडून देई. दोनशेच्या वर गिऱ्हाईकं आणि कोणाचं भोक कुठलं, हे ठाऊक फक्त चार ऑपरेटरांना! हे चौघं एकदम अंथरुणाला खिळले तर? पार्कर नावाच्या डॉक्टरने सुचवलं, की लोकांना नंबर द्या, म्हणजे नवखा माणूसही काम चालवील. नावाऐवजी आकडा दिला तर लोकांना अपमान वाटेल, अशी कंपनीला धास्ती. ती अगदीच चूक नव्हती, आमच्या हेडकॅशियरना अजून तसं वाटतं. पुढे १८९१ साली कॅन्सस सिटीतल्या स्ट्रौजर नावाच्या अंत्यविधीवाल्याने आपोआप फोन जोडणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. यंत्राला नावं कुठली कळायला? त्याला आकडेच हवेत.

आमच्या खानदेशात हा गोवर २००२ च्या सुमारास आला. खाजगी कंपन्या आल्या, मोबाइल आले, आणि साऱ्या देशासाठी दहा आकड्यांची एकच पद्धत ठरली. शून्य बाहेरगावासाठी अडकलेलं, एक पोलीस आणि आगीच्या बंबासाठी, नऊ मोबाइलने पळवलेलं. सरकारी फोनांच्या वाट्याला दोन आला. मुंबईकर सातावरून आठावर गेले. आमचं जळगाव सहावरून सातावर आणि धुळं पाचावरून सहावर. "धुळ्याला एक आकडा कमीच!" म्हणून जळगावात काही दिवस कॉलर ताठ होती. पण जळगावचा कोड ०२५७ आणि धुळ्याचा ०२५६२. पुढचं शून्य सोडून मोजा, बेरीज दोन्हीकडे दहाच!

ह्या बेरजेत आमचे नाना आणि धुळ्याची आत्या सापडली. त्याच पावसाळ्यात आत्याने आजोबांच्या शेतावरचं हक्कसोडपत्र सही करून दिलं होतं. कोणी काही बोललं नाही, पण अशा कागदाची शाई लवकर वाळत नाही. आणि नेमके त्यानंतर फोन बंद! मी नोकरीच्या परीक्षांचे क्लास करायला पुण्यात, म्हणजे घरात आकडेमोड करणारं कोणी नाही.

आत्या जुना नंबर फिरवी, तर तिकडून एक परकी बाई काहीतरी बोलायला लागे. आत्या फोन आपटी. हक्क सोडला, आता नातंही सुटलं, असं तिने धरलं. नाना नंबर फिरवत तेव्हा तीच बाई त्यांना सांगे, की नंबराआधी दोन लावा. नाना सरकारी सूचना पाळणारे! ते रोज इमानाने आधी दोन लावत आणि मग ०२५६२. एक्स्चेंजला वाटे, म्हातारबा जळगावातलाच कुठलासा नंबर मागताहेत. तसा नंबर गावात नव्हताच. "सही केली खरी, पण मनात धरलंय तिनं," असं नाना आईला म्हणू लागले.

चार महिने असे गेले. नव्वदेक किलोमीटरचं अंतर, पण पत्र कोणी लिहीना. शेवटी भाऊबीजेला नाना न कळवताच एस.टी.त बसले आणि एरंडोल, पारोळा करत धुळ्याला उतरले. आत्याने दारात पाणी दिलं, पण बोलली नाही. मग आतेभावाने दोघांना फोनजवळ बसवून कोण काय फिरवत होतं ते करून दाखवायला सांगितलं. दोघांनी दाखवलं. घरातली पोरं हसून लोळली. आत्या मात्र पदर तोंडाला लावून म्हणाली, "मना नंबर बदली गया रे भाऊ." आणि ओवाळणीचं ताट आणायला आत गेली.

तेवढ्यात नाना पेन्सिल घेऊन उठले. फोनच्या वर भिंतीवर आमचा नंबर लिहिलेला होता. त्यांनी त्याच्या आधी दोन लिहिलं आणि खबरदारी म्हणून कोडच्याही आधी एक दोन लिहिलं. ते दुसरं आतेभावाने थुंकी लावून पुसलं.