'रिबेका'चे वाचक : एका क्षमेचा इतिहास

डॅफ्नी द्यू मॉरिए यांची 'रिबेका' ही कादंबरी ऑगस्ट १९३८ मध्ये व्हिक्टर गोलान्झ यांच्या लंडनमधील प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. १९६५ पर्यंत तिच्या २८ लाखांहून अधिक प्रती खपल्या. प्रेमकथा म्हणून वाचल्या गेलेल्या या कादंबरीच्या गाभ्याशी एक खून आहे. मॅक्सिम द विंटर हा नायक पहिल्या पत्नीला गोळी घालतो, तिचे प्रेत नावेत ठेवून नाव समुद्रात बुडवतो आणि कायद्याच्या हातून निसटतो. त्याची दुसरी पत्नी हीच कादंबरीची निवेदिका आहे. त्याचा कबुलीजबाब ऐकताना तिच्या मनावर ठसते ती एकच गोष्ट : त्याचे रिबेकावर प्रेम नव्हते. तिच्याबरोबर वाचकही सुटकेचा निःश्वास टाकतो. 'रिबेका'च्या वाचनाचा इतिहास हा या निःश्वासाच्या बदलत गेलेल्या अर्थांचा इतिहास आहे.

आरंभीच्या परीक्षणांत कथनकौशल्याची वाखाणणी झाली. परंतु मुख्य कल श्रेणीनिर्णयाकडे राहिला. कादंबरी वाङ्मयीन की केवळ रंजनपर, हा प्रश्न पुढे आला आणि नायकाच्या अपराधाचा प्रश्न मागे पडला. व्ही. एस. प्रिचेट यांच्यासारख्या जाणत्या समीक्षकाने तर ती अल्पजीवी ठरेल असे भाकीत केले. शार्लट ब्राँटे यांच्या 'जेन एअर'शी (१८४७) तिची तुलना लगोलग सुरू झाली. निराधार तरुणी, वयाने मोठा श्रीमंत पुरुष, गूढ वास्तू, पहिली पत्नी आणि अखेरची आग, ही साम्ये उघड होती. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये मांडलेली 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना येथे उपयोगी पडते. 'जेन एअर'च्या क्षितिजावर पाहिले की पहिली पत्नी हा केवळ अडसर ठरतो आणि पती हा सोसणारा. क्षमेची वाट अशी परंपरेनेच आखून ठेवली होती. लेखिकेच्या दृष्टीने मात्र हा मत्सराचा अभ्यास होता. 'प्रणयकथाकार' हे बिरुद त्यांना अखेरपर्यंत खटकत राहिले.

खुनाकडे सर्वांत गांभीर्याने पाहणारे आरंभीचे वाचक निघाले ते हॉलिवुडचे नीतिनियंत्रक. आल्फ्रेड हिचकॉक दिग्दर्शित चित्रपटाच्या (१९४०) पटकथेवर जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने दोन मुख्य आक्षेप घेतले. खुनी नायकाला शिक्षा होत नाही आणि तरीही त्याला सहानुभूती मिळते, हा पहिला. गृहव्यवस्थापिका मिसेस डॅन्व्हर्स आणि रिबेका यांच्या नात्यात समलिंगी आकर्षणाची सूचना आहे, हा दुसरा. परिणामी चित्रपटात रिबेका अडखळून पडते आणि अपघाताने मरते. निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांना हा बदल रुचला नव्हता, कारण त्यामुळे कथेचा कणाच मोडत होता. कादंबरीच्या वाचकवर्गाची, विशेषतः स्त्रियांची, नस त्यांनी ओळखली होती. हिचकॉक यांनी कथेशी घेतलेले स्वातंत्र्य त्यांनी १९३९ मध्ये फेटाळले ते याच वाचकांच्या नावाने. म्हणजे एका पक्षाला वाचकांची नीती सांभाळायची होती आणि दुसऱ्याला त्यांची निष्ठा. खून करणारा पुरुष वाचकांना प्रिय कसा होतो, हे कोडे मात्र दोघांनीही सोडवले नाही.

वाचकांच्या स्वतःच्या प्रतिक्रियेचा एक दुवा लेखिकेकडे येणाऱ्या पत्रांत सापडतो. निवेदिकेला नाव का नाही, असा प्रश्न जगभरातून विचारला जाई. नाव सुचले नाही आणि पुढे ते तंत्राचे आव्हान बनले, असे लेखिकेचे उत्तर होते. परंतु पत्रे लिहिणाऱ्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले होते. मृत स्त्रीचे नाव मुखपृष्ठावर आणि जिवंत स्त्री अनाम, ही रचना त्यांना अस्वस्थ करीत होती. या अस्वस्थतेवर एक उतारा मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत दिसतो. बिरेन नाग यांच्या 'कोहरा'त (१९६४) वहिदा रेहमान यांच्या नायिकेला राजेश्वरी हे नाव मिळाले. ललिता पवार यांनी उभी केलेली, डॅन्व्हर्सच्या जागी येणारी दाई मात्र नात्याच्या संबोधनातच राहिली.

साठच्या दशकात अमेरिकेत 'गॉथिक' कादंबऱ्यांच्या स्वस्त आवृत्त्यांची लाट आली. तिच्या कथासूत्राचे विच्छेदन जोआना रस यांनी १९७३ मधील निबंधात केले. आपला नवराच आपला जीव घेणार, या भयाभोवती या कथा फिरतात असे त्यांनी दाखविले. तानिया मॉडलेस्की यांनी १९८२ मध्ये अशा वाचनातील दडपलेल्या रोषाचा शोध घेतला. ॲलिसन लाइट यांनी १९८४ च्या लेखात 'रिबेका'चाच विचार करून त्यात वर्गाचा प्रश्न आणला. मध्यमवर्गीय निवेदिकेला रिबेकाच्या उच्चकुलीन, बेबंद लैंगिकतेचे भय वाटते आणि मोहही पडतो. ती नाकारल्याखेरीज तिला 'चांगली पत्नी' होता येत नाही. या वाचनात खून हे त्या नकाराचे टोक ठरते. नव्वदच्या दशकातील समीक्षेने डॅन्व्हर्स–रिबेका नात्यातील इच्छेचा मागोवा घेतला. नियंत्रकांना जे १९३९ मध्ये आक्षेपार्ह वाटले होते, तेच आता अर्थाचे केंद्र बनले.

कादंबरीला जोडलेल्या उत्तरकथा हीदेखील वाचनेच होत. सूझन हिल यांच्या 'मिसेस द विंटर'मध्ये (१९९३) जुना अपराध त्या दांपत्याचा पिच्छा सोडत नाही, तर सॅली बोमन यांच्या 'रिबेकाज टेल'मध्ये (२००१) मृत पत्नीला स्वतःचा आवाज मिळतो. दोन्हींत १९३८ ची क्षमा मागे घेतली गेली आहे.

यावरून पूर्वीचा वाचक भाबडा आणि नंतरचा डोळस असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नाही. कादंबरी सुरू होते ती शेवटानंतर. मँडर्ली ही वास्तू जळाली आहे, पतिपत्नी परदेशातील हॉटेलांत दिवस कंठीत आहेत, क्रिकेटच्या बातम्यांवर मन रमवीत आहेत आणि भूतकाळाचा विषय कटाक्षाने टाळीत आहेत. क्षमेची किंमत वाचकाला आरंभीच सांगितलेली असते. कथेच्या ओघात तो ती विसरतो आणि पुस्तक पुन्हा उघडल्यावर ती त्याला भेटते. निवेदिकेच्या बाजूने उभे राहण्याची संमती संहिताच वाचकाकडून मिळविते आणि त्या संमतीविरुद्धचा पुरावाही तीच जपून ठेवते. लोकप्रिय कादंबरीचा वाचक कशाला संमती देतो एवढ्यावरून त्याची पारख करणारी समीक्षा अर्ध्यावरच थांबते. ती संमती कशी घडते आणि केव्हा विरते, हे पाहिले तरच २८ लाख प्रतींच्या त्या अनाम वाचकांना वाङ्मयेतिहासात त्यांचे स्थान मिळेल.