कर्क, स्पॉक आणि चाहत्यांच्या प्रेमकथा

एखाद्या कादंबरीतील, चित्रपटातील वा मालिकेतील पात्रे घेऊन तिच्या चाहत्यांनी हौसेखातर, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता लिहिलेल्या कथांना 'फॅन फिक्शन' म्हणतात. विज्ञानकथांच्या चाहत्यांमध्ये हा प्रकार खऱ्या अर्थाने रुजला तो 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेमुळे. या लेखनातील प्रेमकथांवरून चाहत्यांमध्ये जे मतभेद झाले, ते अर्धशतक उलटूनही पुरते शमलेले नाहीत. वरकरणी हा वाद अभिरुचीचा आणि शालीनतेचा. प्रत्यक्षात, लोकांसमोर आलेल्या पात्राच्या मनात काय चालले आहे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

सायक्लोस्टाइलचे दिवस

'स्टार ट्रेक' ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि ७९ भागांनंतर जून १९६९ मध्ये बंद पडली. १९८०च्या दशकात ती दूरदर्शनवरूनही दाखवली गेली. 'एंटरप्राइझ' या अंतराळयानाचा धाडसी कप्तान कर्क आणि मानवी माता व व्हल्कन पिता यांच्या पोटी जन्मलेला, भावना दडपून केवळ तर्काने चालणारा त्याचा सहकारी स्पॉक ही तिची मुख्य पात्रे. मालिका सुरू असतानाच, १९६७ मध्ये 'स्पॉकॅनेलिया' हा तिला वाहिलेला पहिला हौशी अंक निघाला. असे अंक सायक्लोस्टाइल करून टपालाने अथवा संमेलनांत विकले जात. किंमत खर्च भागेल इतकीच ठेवली जाई.

या अंकांच्या लेखिका आणि संपादिका बहुतांशी स्त्रिया होत्या. विज्ञानकथेच्या जुन्या चाहतावर्गात पुरुषांचे प्राबल्य होते, आणि वैज्ञानिक कल्पना हाच कथेचा प्राण, असे त्यातील अनेकांचे मत होते. मालिकेमुळे आलेल्या या नव्या मंडळींकडे ते काहीशा तुच्छतेनेच पाहत. परंतु भावनांचे बीज मालिकेतच होते. सप्टेंबर १९६७ मध्ये प्रसारित झालेल्या 'अमॉक टाइम' या भागात व्हल्कन पुरुषाला ठरावीक काळाने अनावर कामावेग येतो आणि जोडीदार न मिळाल्यास तो प्राणास मुकू शकतो, असे दाखवले होते. तो भाग लिहिणारे थिओडोर स्टर्जन हे विज्ञानकथेतील मान्यवर लेखक. चाहत्यांच्या असंख्य प्रेमकथांना त्यातूनच कथानक मिळाले.

'मेरी सू'चा उपहास

पहिला आक्षेप आला तो स्वप्नरंजनावर. यानावर एक अतिसुंदर, अतिहुशार तरुणी दाखल होते, कर्क किंवा स्पॉक तिच्या प्रेमात पडतो आणि अखेरीस सर्वांना वाचवून ती प्राण सोडते, अशा कथांचा सुळसुळाट झाला होता. पॉला स्मिथ यांनी १९७३ मध्ये एका छोट्या विडंबनात 'मेरी सू' नावाची साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट रंगवून या प्रकाराची खिल्ली उडवली. ते नाव पुढे समीक्षेची संज्ञाच बनले. तिची दुसरी बाजू नंतर पुढे आली. नायिकेवर 'मेरी सू'चा शिक्का बसेल या धास्तीने लेखिका समर्थ स्त्रीपात्र रेखाटायलाच कचरू लागल्या, असे निरीक्षण संशोधक कमिल बेकन-स्मिथ यांनी नोंदवले. धाडसी पुरुष-नायकाला मात्र असा जाब क्वचितच विचारला जातो.

सर्वच प्रेमकथा या साच्यातल्या नव्हत्या. जीन लोरा यांच्या १९७६च्या 'द नाइट ऑफ द ट्विन मून्स'ने स्पॉकच्या माता-पित्यांचे सहजीवन रंगवले. पुढे लोरा यांनी 'स्टार ट्रेक'च्या अधिकृत कादंबऱ्याही लिहिल्या.

तिरकी रेघ

खरा भडका उडाला तो कर्क आणि स्पॉक यांनाच परस्परांचे प्रियकर मानणाऱ्या कथांमुळे. डायेन मार्शंट यांची 'अ फ्रॅगमेंट आउट ऑफ टाइम' ही १९७४ मध्ये छापली गेलेली कथा या प्रकारातील पहिली प्रकाशित कथा मानली जाते. तिच्यात पात्रांची नावेही नव्हती. ती कर्क आणि स्पॉक असल्याचे लेखिकेने नंतर स्पष्ट केले. 'के/एस' या आद्याक्षरांमधील तिरक्या रेघेवरून या लेखनाला 'स्लॅश' हे नाव पडले.

विरोधकांचे म्हणणे असे, की मालिकेतील दोघांचे सख्य हे निरपेक्ष मैत्रीचे आहे आणि त्याला शारीर अर्थ चिकटवल्याने त्याची उंची कमी होते. अशा कथांमुळे कलाकार संकोचतील आणि निर्माते सर्वच चाहत्यांकडे संशयाने पाहतील, ही भीतीही होती. समर्थकांचे उत्तर होते, की परस्परांसाठी प्राण पणाला लावणाऱ्या दोघांच्या नात्याला प्रेम म्हणण्यात कमीपणा कसला? पात्र विटाळले जाते या आक्षेपातच समलिंगी प्रेम हीन असल्याचे गृहीत धरलेले आहे, असेही काहींनी सुनावले.

लेखिका आणि समीक्षक जोआना रस यांनी १९८५च्या आपल्या निबंधात या कथांची बाजू गंभीरपणे घेतली. पॅट्रिशिया फ्रेझर लँब आणि डायना वीथ यांनी त्यांत बरोबरीच्या जोडीदारांमधील प्रेमाचा शोध पाहिला. रूढ प्रेमकथेत स्त्रीच्या वाट्याला येणारे दुय्यमत्व येथे नव्हते. तथापि दोन आक्षेप उरतातच. स्त्रियांनी स्त्रियांसाठी रंगवलेले हे पुरुष वास्तवातील समलिंगी पुरुषांशी कितपत जुळतात? आणि या धामधुमीत उहुरासारखे मालिकेतील स्त्रीपात्र मागेच का राहिले?

मालकी कोणाची?

मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी १९७९च्या आपल्या कादंबरीत एक तळटीप घातली. दोघांच्या नात्याला लावलेल्या व्हल्कन शब्दाचे मित्र, बंधू आणि प्रियकर असे तीन अर्थ तीत दिले होते आणि अफवा कर्कच्या तोंडून हसण्यावारी नेल्या होत्या. दोन्ही पक्षांनी ती तळटीप आपल्याच बाजूचा पुरावा मानली. १९८५ मध्ये डेला व्हॅन हाइज यांच्या 'किलिंग टाइम' या अधिकृत कादंबरीतील काही मजकूर मात्र या नात्याकडे झुकणारा ठरला. पहिली आवृत्ती मागे घेऊन तो बदलण्यात आला.

'स्टार वॉर्स'बाबत धोरण अधिक कडक होते. लुकासफिल्मच्या अधिकृत चाहता संघटनेच्या वतीने १९८१ मध्ये हौशी अंकांच्या प्रकाशकांना पत्रे गेली. कौटुंबिक प्रतिमेला बाधा आणणारे कामुक लेखन खपवून घेतले जाणार नाही, असा त्यांचा आशय होता. त्यावर चाहत्यांमधून आलेला युक्तिवाद लक्षणीय होता. पात्रांवर कंपनीचा स्वामित्वहक्क असेल, पण वाचकांची नीतिमत्ता ठरवण्याचा हक्क तिला कोणी दिला?

व्यावसायिक लेखकांतही एकमत नाही. ॲन मॅककॅफ्री यांनी आपल्या ड्रॅगनविश्वावरील चाहत्यांच्या लेखनावर दीर्घकाळ कडक निर्बंध ठेवले. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचा आपली पात्रे इतरांनी वापरण्यास विरोध आहे. याउलट लुइस मॅकमास्टर बुजोल्ड यांनी तरुणपणी स्वतः 'स्टार ट्रेक'वर कथा लिहिल्या होत्या. पुढे त्या ह्यूगो पुरस्काराच्या अनेकवारच्या मानकरी ठरल्या.

अशा लेखनाच्या जतनासाठी २००७ मध्ये 'ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स' ही ना-नफा संस्था स्थापन झाली. तिचे 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे संकेतस्थळ २००९ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. २०१९ मध्ये डब्लिनच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. एकेकाळी उपेक्षिलेल्या लेखिकांना ही मान्यताच होती. पण पाठोपाठ नवा वाद उभा राहिला. त्या संकेतस्थळावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला ह्यूगोविजेता म्हणवावे काय, की हा मान केवळ संकेतस्थळाचा? मालकीचा जुना प्रश्न या वेळी पात्रांवरून सरकून पुरस्कारापर्यंत आला होता.